दगडफुलाचा पत्ता

गोड्या मसाल्याची तयारी चालली होती आणि त्या दुपारी दगडफूल निवडण्याचे काम माझ्या वाट्याला आले. हे काम आमच्या घरात कोणालाच आवडत नाही, कारण बाकीचे जिन्नस पाखडले की मोकळे होता येते, दगडफुलाचा मात्र एकेक पापुद्रा हातात घेऊन त्याला चिकटलेला कचरा काढावा लागतो. वरून राखाडी, खालून काळेभोर आणि कडेला कुरळलेल्या एका मोठ्या पापुद्र्याच्या पाठीला नखाएवढी झाडाची साल तशीच राहिली होती. बाजारातले बरेचसे दगडफूल हिमालयातल्या जंगलांतून येते, तेव्हा हाही तुकडा तिकडचाच असणार. माझे मन मात्र थेट पसरणीच्या घाटात गेले.

लहानपणी पावसाळ्यात आत्याबरोबर महाबळेश्वरहून वाईला उतरताना मी एसटीच्या खिडकीतून झाडांच्या फांद्या पाहत असे. वर जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या फांद्यांवर दगडफुलाचे इतके थर असत की मूळची साल दिसत नसे. पाचगणी मागे पडली की हे थर विरळ होत आणि वाईच्या बाभळींवर तर खरखरीत डागांपलीकडे काही नसे. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो 1,000 देखील भरत नाही, कारण सह्याद्री चढताना वाऱ्याने आपले पाणी वरच रिते केलेले असते. हे गणित तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण झाडे पाहून बसमध्ये खिडकी केव्हा उघडायची ते कळत असे. एकदा आत्याने वाटेत पडलेली दगडफुलाने भरलेली फांदी मला आणू दिली. वाईच्या उन्हात ती दोन दिवसांत कुरकुरीत झाली. पाणी शिंपडले की पापुद्रे मऊ पडत आणि राखाडीतून हिरवट होत, म्हणून मी ते सारखे शिंपडत राहिलो. दिवाळीपर्यंत तिचा भुगा झाला आणि आत्याने तो केरात काढला.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळे नसल्याने पाणी आणि क्षार पावसातून, धुक्यातून, हवेतूनच मिळतात आणि हवेत जे विषारी असेल तेही गाळून न घेता आत येते. त्यात वाढ वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे बिघडलेली जागा पुन्हा भरायला घाई करून चालत नाही. परगावी गेलो की मी मुक्कामाची खोली पाहण्याआधी आवारातल्या झाडांची खोडे न्याहाळतो आणि त्यावरून गावाच्या हवेबद्दल मत बनवून मोकळा होतो. घरच्यांना ही खोड मुळीच आवडत नाही.

पण ही खोड जुनी आणि प्रतिष्ठित आहे. विल्यम नायलँडर या अभ्यासकाने 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरील दगडफुलांची नोंद केली आणि शहराची हवा कितपत निरोगी आहे हे त्यांच्यावरून जोखता येईल, असे सुचवले. त्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या धुराने त्या बागेत एकही दगडफूल उरले नव्हते. पुढे कोळसा मागे पडला, हवेतला सल्फर डायऑक्साइड घटला आणि विसाव्या शतकाच्या शेवटी ती तिथल्या झाडांवर पुन्हा दिसू लागली. मात्र युरोपातल्या शहरांत अशी परतलेली सगळी मंडळी जुनी नव्हेत. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनवर ज्यांचे छान भागते, अशा जातींनी त्यांत चांगलाच जम बसवला आहे. आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांवरही उद्या त्यांतले कोणीतरी येईल, पण ते मसाल्यात घालण्याजोगे असेल असे मला वाटत नाही.