लिस्बनमधलं महिनाभराचं घर

आल्फामातल्या भाड्याच्या घरात आज सामान लावलं. १७५५च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग कोसळला, पण ही वस्ती बरीचशी तगली. गल्ल्या अजून इतक्या चिंचोळ्या, की टॅक्सी खालीच थांबली.

घरमालकीणबाईंनी "शाव्ह" म्हणत किल्ली हातात ठेवली आणि मी चमकलेच. अहो, ही तर आपली चावी! कोपऱ्यावर पाव मागितला, तोही कळला. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे शाळेत वाचलं होतं, आज कानांनी ऐकलं. फार बरं वाटलं.

दुकानात कोथिंबिरीची ताजी जुडी मिळाली. इथे स्वयंपाकात ती सर्रास वापरतात. घरून आणलेल्या मूगडाळीची खिचडी टाकलीय. समोरच्या आजी दोरीवरची चादर सारून बघतायत. वाटीभर नेऊन देते त्यांना.