नाव सगळ्यात शेवटी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीही लिहा, असं संपादक मंडळानं कळवलं. शाळेनं मला काय काय दिलं ते सांगत बसलो तर पानं पुरायची नाहीत (त्यात गणित नसेल, ते मला कधीच आलं नाही). म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो. दुसऱ्याला पुरस्कार देताना चार शब्द कसे बोलावेत, हे मी आपल्या शाळेत शिकलो. पुढं नोकरीत, मग पतसंस्थेत, तालमीत, गल्लीतल्या मंडळात हार घेण्यापेक्षा घालण्याचीच वेळ माझ्यावर जास्त आली. दर वेळी कामाला आले ते मराठीचे सर.

वि. स. खांडेकरांना 1974 सालचं ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा आम्ही हायस्कुलात होतो. मराठीला मिळालेलं पहिलंच ज्ञानपीठ, आणि मानकरी आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारा! सर वर्गात आले आणि म्हणाले, "समजा, हा पुरस्कार भाऊसाहेबांना तुमच्या हातनं द्यायचा आहे. काय बोलाल ते लिहा." आम्ही सरसावून लिहिलं. साहित्याच्या नभांगणातला तेजस्वी तारा, शारदेच्या मंदिरातला नंदादीप, शब्दप्रभू, कल्पनेचा सम्राट. सरांनी चारपाच वह्या वाचल्या आणि विचारलं, "हेच कुसुमाग्रजांना चालेल का?"

"चालेल की सर."

"मग खोडा."

एका पोरानं, तो पुढं एसटीत लागला, एकच ओळ लिहिली होती: 'हे 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते.' ती ओळ सरांनी मोठ्यानं वाचली, मग परत वाचली. म्हणाले, "तारे ढीगभर आहेत लेकानो. शिरोड्याचा मास्तर एकच."

तेव्हापासूनची माझी कसोटी तीच. भाषणातलं वाक्य शेजारच्या माणसाला लावून बघायचं. त्यालाही बसलं तर ते काढून टाकायचं. दहातली आठ जातात. उरलेल्या दोनांसाठी मात्र पायपीट करावी लागते.

सरांचा दुसरा दाखला खासबागेचा. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान 1912 साली सुरू झालं, आणि सरांच्या मते भाषणाचं उत्तम शिक्षण तिथं फुकटात मिळत होतं. कुस्ती पुकारणारा आधी पैलवानाचं गाव सांगतो, मग तालीम, वस्ताद कोण, कुणाला कुठल्या डावावर आसमान दाखवलं ते. हलगी चढत असते. नाव घेईपर्यंत अर्ध्या मैदानानं ते आधीच ओळखलेलं असतं आणि टाळ्या पडलेल्या असतात. "नाव पहिल्यांदा घेतलंस की लोक टाळ्या वाजवतात आणि पुढचं ऐकत नाहीत. ते शेवटी घे," हे सरांचं सांगणं. इतकं बारीक कुणी सांगत नाही हो आजकाल.

हे सगळं पहिल्यांदा वापरलं ते शाळेतल्याच स्नेहसंमेलनात. बक्षीस समारंभात शेवटचा सत्कार विद्यार्थ्यांनी ठरवायचा, अशी तेव्हा पद्धत होती. आम्ही शिपाईमामांना निवडलं आणि बोलायचं माझ्याकडं आलं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्यावर काय बोलतोस? घंटा देतोय, पगार घेतोय." मग ऑफिसातल्या जुन्या क्लार्कना गाठलं, मामांच्या घरीही जाऊन आलो. मामा पंचगंगेपलीकडून आंबेवाडीहून सायकलनं यायचे. पावसाळ्यात नदी चढायला लागली की रस्ता बंद व्हायच्या आत घरात निरोप ठेवून निघायचे आणि पाणी उतरेपर्यंत प्रयोगशाळेत झोपायचे, सकाळच्या घंटेसाठी. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट मामींनी सांगितली. शनिवारी शाळा सुटली की मामा घंटेची हातोडी पिशवीत घालून घरी न्यायचे, रविवारी मैदानावर खेळायला येणारी पोरं उगाच टोले देतात म्हणून.

व्यासपीठावर मी हातोडीपासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतनं "मामाऽऽ" अशी आरोळी आली. प्रयोगशाळेचं सांगितलं तेव्हा आमचे पीटीचे सर, जे कधी हसायचे नाहीत, ते मामांच्या खुर्चीकडं वळून बघायला लागले. नाव घेतलं आणि मी मागं सरलो. मागं सरायचं हेही शिकवलेलंच होतं. नाव घेतल्यावर देणाऱ्यानं एक शब्द बोलायचा नाही, आणि फोटोत घेणाऱ्याच्या पुढं यायचं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, ती पुस्तकात सापडत नाही. आपल्याकडं सत्कार म्हणजे फेटा, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, मानपत्र. माणसाला हात दोन. फेटा बांधायला वेळ लागतो, तो भाषणाच्या आधी बांधून घ्यावा. नारळ आणि गुच्छ लगेच घ्यायला एक स्वयंसेवक बाजूला उभा करावा. स्मृतिचिन्ह शेवटी द्यावं. त्यावरचं नाव आदल्या दिवशी स्वतः वाचून बघावं, आणि आडनाव तो माणूस स्वतः कसं उच्चारतो ते त्यालाच विचारावं. मानपत्र सूत्रसंचालक वाचणार असेल तर त्यातला मजकूर आपण पुन्हा सांगू नये.

शाहू स्मारकात मी बरेच समारंभ बघतो. 'यांच्या परिचयाची गरज नाही' असं म्हणून पंधरा मिनिटं परिचय करून देणारे वक्ते तिथं भेटतात. पुरस्कार देताना आपल्याला मिळालेले पुरस्कार सांगणारेही भेटतात. खालच्या रांगेत सत्कारमूर्तीची आई नऊवारी सावरून बसलेली असते, गावाकडनं पहिल्या गाडीनं आलेली. तिला आपल्या लेकाबद्दल ऐकायचं असतं. तिला पाहुण्यांच्या कारकिर्दीचं काय?

सरांची एक गोष्ट मात्र मला पटली नाही. पुरस्काराच्या भाषणात कवितेची ओळ नकोच, असं ते म्हणायचे. माझं मत वेगळं आहे. सत्कारमूर्ती स्वतः भजनात बसणारा असेल आणि त्याच्या तोंडी कायम असणारा अभंग आपल्याला ठाऊक असेल, तर त्याची एक ओळ घ्यावी. समोर बसलेली त्याची भजनी मंडळी ती पुरी करतात. आपलं काम निम्मं होतं.

यंदा महोत्सवाच्या मुख्य दिवशी दहावीतल्या एका मुलीला पुरस्कार देण्याचं काम संयोजकांनी माझ्याकडं दिलं आहे. त्यांनी तिच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स पाठवली. मी तिच्या वर्गशिक्षिकांचा आणि घरच्यांचा फोन नंबर मागून घेतला आहे, येत्या रविवारी जाऊन येतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं पाच मिनिटं लिहिली आहेत. मला दोन पुरेत. उरलेली तीन तिच्या मनोगतात घालावीत आणि माईक तिच्या उंचीला लावून ठेवावा, एवढी विनंती.