तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावरचा बॉब

पिट्सबर्गला आमच्याकडे जेवायला आलेला मराठी माणूस हात धुऊन माझ्या टेबलापाशी थांबतो आणि विचारतो, "अहो, तुम्ही पक्के क्रिकेटवाले. गावसकर सोडून हा कोण मांडून ठेवलाय?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो.

ते बेसबॉलचं कार्ड आहे, टॉप्स कंपनीचं, १९६८ सालचं. तेव्हा च्युइंगगमच्या पाकिटात पोरांना मिळायचं. त्या वर्षीच्या कार्डांची किनार गोणपाटासारखी छापलेली आहे. आमच्या हिला ते साखरेचं पोतं वाटतं. माझ्या कार्डाचे चारही कोपरे झिजलेत, वर एक घडी पडलीय, म्हणून जुन्या बाजारात चाळीस डॉलरला मिळालं. (पुढचा प्रश्न किमतीचाच असतो.) त्यावर नाव आहे बॉब क्लेमेंटे.

या माणसाचं नाव बॉब नव्हतं, रोबेर्तो होतं.

स्पॅनिश बोलणाऱ्या प्वेर्तो रिको बेटावरच्या कारोलिना गावचा, १९३४चा जन्म. वडील उसाच्या फडावर मुकादम. आम्हा सांगलीकडच्यांना आणखी ओळख कशाला हवी? १९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारबद्ध करून मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवलं. पिट्सबर्गचा पायरेट्स संघ त्या वर्षी तळाला होता, त्यामुळे इतरांच्या दुय्यम संघांतून खेळाडू निवडायचा पहिला मान त्यांचा. त्यांनी त्याला उचलला आणि पुढची अठरा वर्षं तो इथेच खेळला. चारदा फलंदाजीत अव्वल, क्षेत्ररक्षणासाठी बारा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. त्याची फेक कशी होती हे क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर, मध्ये टप्पा नाही.

१९५५ आणि १९५६च्या कार्डांवर त्याचं नाव रोबेर्तोच आहे. १९५७ला त्याचा बॉब झाला, तो थेट १९६९पर्यंत. त्याला ते आवडत नसे. वार्ताहरही त्याचं बोलणं उच्चारासकट छापत, 'हिट'चं 'हीट' करून. वाचणाऱ्यांची करमणूक, दुसरं काय.

हे वाचलं तेव्हा मला माझा इथला पहिला आठवडा आठवला. माझं नाव ज्ञानेश्वर. 'ज्ञ' म्हणताना साहेबांची जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा त्यांनी मला 'डॅन' करून टाकलं. मी हसलो. अडचण माझीच आहे असं वाटून मी वर "चालेल, चालेल" म्हणालो, हे जास्त लागतं.

क्लेमेंटेनं "चालेल" म्हटलं नाही. १९७१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, पायरेट्सनी जिंकली, तो मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्रेसिंग रूममध्ये सगळा गलका, समोर माइक, अख्खा अमेरिका देश टीव्हीपुढे. आणि हा आधी स्पॅनिशमध्ये बोलला: आयुष्यातल्या या सर्वांत मोठ्या दिवशी आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. मग इंग्रजी. ते मी कितीदा पाहिलंय याला गणती नाही.

३० सप्टेंबर १९७२ला त्यानं ३०००वा हिट मारला (हिट म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप पहिला तळ तरी गाठणं). तो शेवटचा ठरला, म्हणजे नियमित मोसमातल्या हिशेबात. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत तिथले सैनिक मधेच लाटतात असं कानावर आलं, म्हणून ३१ डिसेंबरला हा स्वतः सामानाच्या विमानात बसला. जुनाट, जास्त भरलेलं विमान प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. त्याचा देह सापडलाच नाही. सहकारी मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या सभेला गेला नाही. तो पाण्यात बुड्या मारून त्याला शोधत होता.

पायरेट्सच्या इथल्या मैदानात उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे. त्याचा जर्सी नंबर २१.

मित्र म्हणतो, "१९७०चं कार्ड घे की, त्यावर रोबेर्तो छापलंय." घेईनही. पण टेबलावर हाच राहील. याच्याकडे बघूनच मागच्या महिन्यात मी ऑफिसच्या मेलखाली पूर्ण नाव टाकलं. दोन दिवसांनी हिशेबखात्यातून फोन: "डॅन, तुमच्याकडे हा नवीन माणूस कोण आलाय?"