गळके नळ आणि ध्वजाची दोरी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला तेव्हा आमच्या बॅचने विषयांची वाटणी करून टाकली. खोड्या एकाने घेतल्या, स्नेहसंमेलनं दुसरीने. मी नळ मागून घेतले. आज मी स्वतः गणित शिकवते, त्याचं खापर त्या नळांवरच फोडता येईल.

आठवीत आम्हाला गणिताला जे सर होते ते एका तासाला पुस्तक न उघडताच आम्हाला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. तिथले काही नळ सतत गळायचे. "दिवसाला किती पाणी जातं ते सांगा," एवढंच म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. आम्ही अर्थातच आधी वह्या उघडल्या. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, म्हणजे 4.32 लिटर. उत्तराखाली दोन रेघा मारून आम्ही मोकळे. सरांनी प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणून एका नळाखाली ठेवलं आणि घड्याळ लावलं. वहीतलं आणि पात्रातलं काही केल्या जुळेना.

का जुळेना, यावर पुढचे कितीतरी तास गेले. नळाच्या तोंडाप्रमाणे थेंब लहानमोठा होतो. टाकी भरलेली असली की दाब जास्त, गळती जास्त. ती उतरत आली की गळतीही मंदावते. मधल्या सुट्टीनंतर कोणी नळ किती पिरगाळून गेलंय त्यावरही फरक पडतो. एकाच नळाचे सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना वेगवेगळे आकडे आले, तेव्हा यातला खरा कुठला यावर वर्गात भांडण झालं. सरासरीची त्या दिवशी आम्हाला खरोखर गरज पडली. त्याआधी आम्ही ती पुस्तकाने सांगितली म्हणून काढत होतो.

हे सगळं मराठीच्या बाईंच्या कानावर गेलं. अभ्यासक्रमात अर्जलेखन होतंच. बाई म्हणाल्या, "अर्ज खरा लिहा. तपासणार मी नाही, मुख्याध्यापक वाचणार आहेत." आम्ही पाठ असलेल्या साच्यात 'सविनय' वगैरे घालून, पाणी हे जीवन आहे असं दोन परिच्छेद ऐकवून तो दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. समासात एकच ओळ होती: "कोणते नळ? दुरुस्तीला काय लागेल?" गुण नाहीत, शेरा नाही. मग आम्ही शिपाईमामांकडे गेलो. त्यांनी एक नळ खोलून आतला झिजलेला वॉशर दाखवला. दुसऱ्या अर्जात पाणी हे जीवन उरलं नाही. नळांना क्रमांक देऊन काढलेली आकृती, गळतीचं कोष्टक आणि लागणाऱ्या वॉशरची संख्या, बस्स. नळ दुरुस्त झाले. सरांनी त्यानंतरही पुन्हा मोजायला लावलं, कारण दुरुस्ती झाली म्हणजे गळती थांबली असं ते मानत नसत.

दहावीत समरूप त्रिकोण आले तेव्हा ध्वजस्तंभाची दोरी जीर्ण झाली होती. नवी किती लांब आणायची हे ठरवायचं काम सरांनी आमच्या गळ्यात टाकलं. एक मीटरच्या काठीची सावली आणि खांबाची सावली मोजा, गुणोत्तर मांडा, उंची काढा. एका गटाने काठीची सावली सुट्टीआधी मोजली आणि खांबाची सुट्टीनंतर. त्यांचा खांब बाकीच्यांच्या खांबापेक्षा भलताच उंच निघाला. आमचं उत्तर साडेसात मीटरच्या आसपास आलं. सर म्हणाले, "मग साडेसात मीटर दोरी आणू?" दोरी कप्पीवरून वर जाऊन खाली येते. म्हणजे दुप्पट. शिवाय गाठींना हवी, हाताशी सैल हवी. पुस्तकातलं उदाहरण खांबाच्या उंचीशी संपतं. दोरीचं काम तिथून पुढे सुरू होतं.

पुढे बी.एड.ला असताना मला एक उदाहरण भेटलं आणि हे सगळं आठवलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, तर 1128 सैनिकांना किती बस लागतील? 29 टक्के मुलांनी लिहिलं, '31 आणि बाकी 12'. भागाकार अचूक होता. बाकीच्या बारा जणांनी कसं जायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. उलट बाजू ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या अभ्यासात दिसते. तो 1985 साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर विक्री करणारी मोजकी पाच मुलं, पण विक्री करताना त्यांचे तोंडी हिशेब 98 टक्के बरोबर. त्याच तऱ्हेची गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली तर जेमतेम 37 टक्के.

आता शाळाशाळांतून 'जीवनाशी जोडलेलं शिक्षण' ऐकू येतं आणि मला धाकधूक वाटते. बऱ्याचदा त्याचा अर्थ थर्मोकोल होतो. वर्गात खोटं दुकान, खोट्या नोटा, फोटो काढून झाले की सगळं कपाटावर. लहान वर्गांना खेळ म्हणून ते छानच आहे. पण आठवी-नववीच्या मुलाला खोटं लगेच ओळखू येतं. उत्तराची कोणाला तरी गरज हवी, ते चुकलं तर कुठेतरी काहीतरी अडायला हवं. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः लिहीत, छपाईचे अक्षरखिळे जुळवीत आणि छापलेलं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवीत. पलीकडे खरा वाचक होता. आमच्या अर्जालाही होता, म्हणून तर तो परत आला.

एक मात्र सांगायला हवं. आमचे सर पाढे आणि भागाकार घोटून घ्यायचे, अगदी कंटाळा येईपर्यंत. ते नसतं तर टाकीपाशी आम्ही नुसते पाय भिजवून आलो असतो. आणि नळ-दोरीसारखं काही वर्षातून मोजक्याच वेळा व्हायचं, कारण त्यामागे त्यांची तयारी फार असे. मोजपात्रं आधी कोणी मागून ठेवली, मामांशी आधी कोण बोललं, हे मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

महोत्सवाचा समारोप अजून व्हायचा आहे, म्हणून एक सूचना. सभागृहातल्या खुर्च्यांची आखणी आठवीच्या वर्गाकडे द्या. दोन रांगांत अंतर किती, मधली वाट किती रुंद, चाकाच्या खुर्चीला वळायला किती जागा, शेवटच्या रांगेतून मंच दिसतो का, सगळं त्यांना मोजू द्या. आणि त्यांनी आखलंय तसंच मांडा. आदल्या रात्री मोठ्या माणसांनी येऊन ते गुपचूप सरळ करू नये.