तांबेऱ्याचे दोन डाग

सप्टेंबरात कृष्णाकाठी झड लागली की माझा फोन थांबत नाही. उगार, कागवाड, शिरगुप्पी, सगळीकडून एकच तक्रार, कधी मराठीत तर कधी कानडीत: सोयाबीन पिवळं पडतंय. पिकांवरच्या रोगांची पाहणी करायची आणि नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. धारवाडचं कृषी विद्यापीठ सोयाबीनचे वाण तांबेरा या बुरशीच्या रोगासाठी उगार खुर्दला तपासतं ते उगाच नाही. नदीकाठची दमट हवा आणि सहा-सात तास ओलं राहिलेलं पान, एवढं या बुरशीला पुरतं.

त्या दिवशी ज्यांनी बोलावलं ते अण्णा बांधावरच उभे होते. शेजारीच धाकट्या भावाचं रान. अण्णांनी नेहमीचं जेएस ३३५ पेरलेलं, भावानं तांबेरा-प्रतिकारक वाण. अण्णांनी दोन्ही रानांतली पानं तोडून आणून माझ्यापुढं धरली.

"ह्ये बघा मॅडम. दोघांच्याबी पानांवर डाग हाईत. मग त्यानं नवं बी आणून काय मिळवलं?"

असा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर हातातल्या पानावरच असतं. मी खिशातलं भिंग काढलं आणि अण्णांच्या पानाची खालची बाजू दाखवली. फिकट तपकिरी डाग, प्रत्येकावर बारीक फोड, आणि फोडांच्या तोंडातून बाहेर पडणारी भुकटी. बोट फिरवलं की बोटाला लागते. तीच बीजाणूंची रास, वाऱ्यावर पुढच्या रानात जाणारी. भावाच्या पानावरचे डाग तांबूस-काळपट आणि लहान होते. भिंग बराच वेळ फिरवलं तरी एखाददुसराच फोड, तोही जवळपास कोरडा.

ही बुरशी फक्त जिवंत पेशीतून अन्न घेते. प्रतिकारक झाड तिला ओळखतं आणि ती शिरली तिथल्या आपल्याच मूठभर पेशी मारून टाकतं. बुरशी तिथंच उपाशी मरते. भावाच्या पानावरचा तांबूस डाग म्हणजे झाडानं जिंकलेली लढाई, हे मी सांगितलं तेव्हा अण्णांनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि दोन्ही पानं आळीपाळीनं बघत राहिले.

मग मी नमुने घेतले. आधी भावाच्या रानात, नंतर अण्णांच्या. उलटं केलं तर कपड्यांना लागलेले बीजाणू आपणच चांगल्या पिकात नेऊन सोडतो. पानं कोरड्या कागदात, कागद ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पाकिटात. अण्णांनी विचारलं, एवढं जपून कशाला? मी म्हटलं, यातून बुरशीचा डीएनए काढायचाय.

फॅकोप्सोरा पॅकिरायझी हे या बुरशीचं नाव. ताटलीतल्या खाद्यावर ती वाढतच नाही, जिवंत पानच लागतं. त्यामुळं अभ्यासाला मुळातच अवघड. तिचा जनुकसंच, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, वाचणं त्याहून कठीण गेलं. जनुकसंच लहान लहान तुकड्यांत वाचून ते तुकडे जोडत जायचे असतात, आणि इथं तुकडे एकमेकांसारखेच. उसाच्या फडाचे शेकडो फोटो काढून त्यांवरून सऱ्यांचा नकाशा जुळवायला बसावं, तशी गत. लांबच लांब तुकडे एका दमात वाचणारी यंत्रं आल्यावर हे जमलं आणि २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. या बुरशीच्या पेशीत दोन केंद्रकं असतात. दोन्हींचे संच मिळून सुमारे १२५ कोटी अक्षरं. यीस्टचा जनुकसंच जेमतेम १.२ कोटींचा! त्या १२५ कोटींतला ९३ टक्के भाग हा जागा बदलणाऱ्या, स्वतःच्या प्रती काढत सुटलेल्या तुकड्यांचा आहे. असे तुकडे जनुकांच्या शेजारी जाऊन बसले की बुरशीत बदल घडायला वाव मिळतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी अस्वस्थ झाले होते, आजही होते.

"सगळं वाचून काढलंय म्हणता, मग औषध कुठाय?" अण्णा.

औषधं आहेत, पण ब्राझीलमध्ये त्यातल्या काहींचा जोर ओसरला, कारण औषध ज्या प्रथिनावर घाव घालतं त्याचंच जनुक बुरशीत बदललं. आपल्याकडं तसं काही होतंय का, हे अशा पाकिटांतूनच कळणार. एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकारही एक दिवस ढासळू शकतो, म्हणून नवे प्रतिकारक जनुक शोधत राहावे लागतात. तसा एक तुरीत सापडला. तुरीच्या एका वाणातला जनुक सोयाबीनमध्ये घातला की ते तांबेऱ्याला दाद देत नाही, हे संशोधकांनी २०१६ साली दाखवलं.

अण्णांनी बांधावरच्या तुरीकडं बघितलं. "ही न्हवं?"

"ही नाही, पण हिचीच जात."

खालच्या पट्ट्यातलं पीक हाताबाहेर गेलं होतं. पानं गळत होती आणि निम्म्या शेंगा पोचट. तिथं फवारणीवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. वरचा पट्टा उशिरा पेरलेला, शेंगा नुकत्या धरू लागलेल्या, डाग फक्त खालच्या पानांवर. तिथं हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक, आणि पानाच्या खालून बसेल असं, उघडीप मिळताच. दुकानदारानं अण्णांना पिवळेपणावर सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली दिली होती. ती मी परत करायला लावली.

भाऊ पंप घेऊन आला. दोघं वर्षभर बोलत नव्हते, असं मला नंतर कळलं. अण्णांनी त्याला एवढंच विचारलं, "पुढच्या साली बी किती ठेवणार हाईस?"