हीटरचा पंखा फक्त तिसऱ्या वेगावरच का फिरत होता

माझ्या जुन्या गाडीतील हीटरच्या पंख्याला तीन वेग आहेत. त्यांपैकी पहिले दोन एके दिवशी बंद पडले आणि सर्वांत जोराचा तिसरा तेवढा चालू राहिला. मी सवयीने आधी फ्यूज काढून पाहिला, जे निरर्थक होते, कारण फ्यूज उडाला असता तर पंखा कोणत्याच वेगावर फिरला नसता.

वायरिंगचा नकाशा पाहिल्यावर उलगडा झाला. तिसऱ्या वेगावर वीज स्विचमधून थेट मोटरकडे जाते. कमी वेगांसाठी मात्र ती रेझिस्टरच्या, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणाऱ्या तारेच्या, वेटोळ्यांतून जाते आणि तेथे काही व्होल्ट खर्ची पडल्यामुळे मोटर हळू फिरते. हा रेझिस्टर मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो, म्हणजे पंख्याच्याच वाऱ्याने तो थंड राहतो. बॅटरीची तार सोडवून तो बाहेर काढला, मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह, रोध मोजणारे उपकरण) लावला, तेव्हा दोन्ही कमी वेगांना सामाईक असलेले वेटोळे तुटलेले निघाले.

नवा रेझिस्टर बसवून मी निश्चिंत झालो आणि महिन्याभरात तोही जळाला.

रेझिस्टर उगाच जळत नाही, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. साध्या मल्टिमीटरवर प्रवाह मोजण्याची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते, म्हणून तारेभोवती अडकवून डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मागून आणला. मोटर ठरलेल्या मर्यादेपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढत होती. ती उतरवून हाताने फिरवली, तर पाते सोडताक्षणी थांबत असे. मोटरचा दांडा ज्यांत फिरतो ते बुश कोरडे पडले होते. जड झालेली मोटर हळू फिरते, जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे रेझिस्टर अधिक तापतो आणि त्याला थंड करणारा वाराही त्याच वेळी कमी होतो. असा दुहेरी मार त्या बिचाऱ्या वेटोळ्यावर पडत होता.

मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बन ब्रश अजून पुरेसे लांब होते. बुश साफ करून त्यांवर पातळ तेलाचे दोनच थेंब सोडले, कारण जास्तीचे तेल कम्युटेटरवर, म्हणजे हे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर, गेले तर नवे दुखणे उभे राहते. कनेक्टरची एक पिन उष्णतेने तपकिरी पडली होती, तीही बदलली. पुन्हा मोजल्यावर प्रवाह मर्यादेत आला, तेव्हाच दुसरा रेझिस्टर बसवला. आता पहिल्या वेगावर पंखा चालू आहे की नाही, हे जाळीवर हात धरूनच समजते.