मसुंदा नकाशा, भाग ७: ते सव्वाचार मीटर सापडले

सुटलं एकदाचं! ठाण्याच्या मसुंदा तलावाचा, म्हणजे तलावपाळीचा, नकाशा करतोय; मोजलेले पॉइंट सव्वाचार मीटर का सरकतात हे तीन आठवडे ज्याच्या मागे लागलो होतो ते कोडं परवा सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये सुटलं, दिघा गाव मागे पडल्यावर आणि ऐरोली यायच्या आत. वहीच्या मागच्या पानावर दोन भागाकार केले, दोन्हींचं उत्तर सारखंच आलं.

परिस्थिती मागच्या भागातलीच. तलावपाळीच्या काठाचे २१४ पॉइंट भाड्याच्या रोव्हरने (उपग्रहांवरून जागा मोजणारं फिरतं यंत्र) घेतले होते. बेस (रोव्हरला दुरुस्ती पाठवणारं स्थिर यंत्र) कं-१ या आधीच जागा माहीत असलेल्या खुणेवर, तिचे अक्षांश-रेखांश हाताने टाकलेले, आणि तपासणीला तशाच खुणा कं-२, कं-३. झाडांखाली रोव्हरचं उत्तर फ्लोटच्या (अजून पक्कं न झालेल्या स्थानाच्या) पुढे जात नव्हतं, तेवढे पॉइंट टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने). घरी येऊन सिव्हिल थ्रीडी या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केलं तर उत्तर काठाचे पॉइंट पाण्यात आणि दक्षिण काठाचे पदपथ ओलांडून बाहेर. सगळा संच अखंड, पण दक्षिणेला ४.२४८ मीटर आणि पश्चिमेला ०.५७३ मीटर सरकलेला. कं-२ वर तेवढाच, कं-३ वरही तेवढाच.

नॉर्दिंग-ईस्टिंगची (नकाशावरच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या अंतरांची) अदलाबदल नव्हती. ती झाली की आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि पॉइंट भलत्याच मुलखात जाऊन पडतात. नकाशाचा पट्टा, यूटीएम झोन ४३ उत्तर, बरोबर होता. एव्हरेस्टचा जुना डेटम (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि जागा) असता तर फरक शेकडो मीटरचा असता. मग वाटलं, बेसने स्वतःचं ढोबळ स्थान धरलं असेल. त्यात दोन-पाच मीटर सहज जातात आणि रोव्हरचे सगळे पॉइंट सारखेच सरकतात, म्हणून पहिला आठवडा मी यातच घालवला. पण तसं असतं तर उंचीही बिघडली असती, बहुधा जास्तच. इथे उंची दोन सेंटीमीटरच्या आत जुळत होती. (उंचीची जखम भाग ३ मधली. आपल्याकडे जिऑइड (सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग) उपग्रहाची उंची ज्यावरून मोजतात त्या लंबवर्तुळाच्या ६० मीटरहून जास्त खाली आहे, तेव्हापासून जिऑइड फाइल लावल्याशिवाय मी रोव्हर सुरूच करत नाही.)

दुसरा संशय टायपिंगचा. ४.२४८ मीटर म्हणजे अक्षांशात ०.१३८ सेकंद. एखादा आकडा चुकला असेल म्हणून वहीतलं पान आणि रोव्हरच्या स्क्रीनचा फोटो शेजारी ठेवून एकेक आकडा बोट लावून वाचला. सगळं बरोबर. पॉइंटांमधली अंतरंही टेपशी सेंटीमीटरपर्यंत जुळत होती. आकार चोख, उंची चोख, फक्त जागा चुकीची.

लोकलमध्ये सहज ४.२४८ ला ०.५७३ ने भागलं. ७.४१. मग तळ्याचं नॉर्दिंग साधारण २१,२४,२०० आणि ईस्टिंग २,८६,७०० यांचा भागाकार केला. तोही ७.४१! म्हणजे पॉइंट वाटेल त्या दिशेने सरकले नव्हते, ते थेट झोनच्या मूळबिंदूकडे (जिथे नॉर्दिंग-ईस्टिंग दोन्ही शून्य) ओढले गेले होते. ही सरक नव्हतीच, हे प्रमाण होतं: दहा लाखांत दोन. तळ्याच्या दोनशे मीटरांत त्याने अर्धा मिलिमीटरही पडत नाही, पण विषुववृत्तापासून मोजलेल्या एकवीस लाख मीटरांत सव्वाचार मीटर पडतात.

आणि दहा लाखांत दोन म्हटल्यावर एकच गोष्ट आठवली. रोव्हरची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम पाडणारी फाइल) फुटांत आली होती, ईस्टिंग ९,४०,६१५ च्या आसपास. मी एक्सेलमध्ये ०.३०४८ ने गुणून मोकळा झालो होतो. तो १९५९ चा आंतरराष्ट्रीय फूट. यंत्र मात्र अमेरिकन सर्व्हे फुटात लिहीत होतं, आणि तो म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर, आंतरराष्ट्रीय फुटापेक्षा दहा लाखांत दोनने मोठा. अमेरिकेने २०२२ संपताना तो अधिकृतपणे बंद केला, पण मेनूंत अजून आहे. आपला जुना भारतीय फूटही तपासला, पण १९७५ चा तो ०.३०४७९९५ मीटर, ०.३०४८ पेक्षा लहान. त्याने पॉइंट उत्तरेला गेले असते.

संध्याकाळी रोव्हर भाड्याने देणाऱ्या दुकानात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "दादा, आधीच्या गिऱ्हाइकाने युनिट बदललं असेल, आम्ही बघत नाही." मला हे पटत नाही. भाड्याने यंत्र देताना जॉब सेटिंग पुसून मीटरवर आणणं हे बॅटरी चार्ज करून देण्याइतकंच त्यांचं काम आहे. त्यांचा बायपॉड (रोव्हरच्या काठीचा दोन पायांचा आधार) मात्र उत्तम, जराही हलत नाही.

घरी जाऊन नवा गुणक टाकला, ०.३०४८००६. पॉइंट उडी मारून काठावर आले, आणि तरीही दक्षिणेला ६.७ सेंटीमीटर उरले! जेवण तसंच ठेवून पुन्हा बसलो. पूर्ण गुणक ०.३०४८००६०९६… असा पुढे जातो. शेवटचे ते आकडे कापल्याने इतक्या मोठ्या नॉर्दिंगवर पावणेसात सेंटीमीटर जातात. आता गुणक लिहायचाच नाही, सेलमध्ये सरळ *१२००/३९३७. कं-२ वर ११ मिलिमीटर, कं-३ वर ८. घाटाच्या पायऱ्यांच्या कडा एकाखाली एक सरळ रांगेत लागल्या, ते बघत मी बराच वेळ नुसता बसून होतो.

बाकी किरकोळ. "वड, जुना" असं वर्णन लिहिल्याने सीएसव्हीत एक कॉलम वाढला होता, स्वल्पविराम काढला. शून्य उंचीचे तीन पॉइंट सरफेसला (जमिनीच्या मॉडेलला) खड्डे पाडत होते, बिल्डमध्ये ठरावीक उंचीखालचे वगळायला सांगितलं. इम्पोर्टच्या आधी फाइल क्यूजीआयएसमध्ये उपग्रह चित्रावर टाकून बघायची सवय मी आता लावून घेतोय. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढच्या रविवारी पायऱ्यांच्या ब्रेकलाइन (उतार जिथे मोडतो त्या कडांच्या रेषा) करणार होतो. पण हे लिहितानाच सुचतंय, काठ आता सेंटीमीटरमध्ये बसलाय तर तळ का नको? पाण्याची पातळी सगळीकडे एकच, तिचा एक शॉट पुरे. बोटीतून ओळंब्याने खोली मोजायची आणि त्याच क्षणी काठावरच्या टोटल स्टेशनने बोटीतल्या प्रिझमवर (परावर्तकावर) नेम धरायचा. बोट डुलते, त्यामुळे जागेत दहा-वीस सेंटीमीटर इकडेतिकडे होईल. गाळाच्या तळाला ते चालेल. ब्रेकलाइन थांबतील. आधी बोटिंगवाल्यांना विचारतो, सकाळी सातच्या आत एक बोट मिळेल का. ओळंबा गाळात रुतू नये म्हणून खाली चपटी ताटली बांधायचा विचार आहे. कुणी असं केलं असेल तर ताटली केवढी घेतली ते सांगा.